गव्हाणीत काय आहे?

अन्नसाखळी शिकवताना फळ्यावर मनोरा काढण्याची आपली जुनी पद्धत आहे. तळाला वनस्पती, त्यावर शाकाहारी प्राणी, त्यावर मांसाहारी. एका पायरीवरून वरच्या पायरीवर जाताना ऊर्जेचा साधारण दहावा हिस्साच पुढे पोचतो आणि बाकीची बहुतेक उष्णतेच्या रूपाने निघून जाते, असे आपण सांगतो. मग ओघानेच पुढचे वाक्य येते. दूध, अंडी, मांस खाण्याऐवजी माणसाने धान्यच खाल्ले, तर तेवढ्याच जमिनीवर कितीतरी अधिक माणसांचे पोट भरेल. इथे वर्गातला एखादा शेतकऱ्याचा मुलगा हात वर करतो. "पण सर, आमची गाय कडबा खाते. कडबा आपण कुठे खातो?"

या प्रश्नाला बगल देऊन पुढे जाणे सोपे असते. आम्हीही ते केले आहे. पण प्रश्न नेमका आहे. नेदरलँड्समधील वागेनिंगेन या विद्यापीठात इम्के दे बूर, हॅना व्हॅन झांटेन आणि त्यांचे सहकारी गेली काही वर्षे ज्या गणिताच्या मागे आहेत, त्याचा गाभा हाच आहे. प्राण्याला आपण काय खाऊ घालतो, आणि ते त्याने खाल्ले नसते तर त्याचे काय झाले असते?

वागेनिंगेन हे ऱ्हाईन नदीच्या एका शाखेकाठचे लहानसे गाव. १८७६ साली तिथे राष्ट्रीय कृषिशाळा निघाली आणि १९१८ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. हा प्रश्न तिथेच ऐरणीवर यावा यात नवल नाही. नेदरलँड्सचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढे. एवढ्याशा देशात २०१८ च्या सुमारास सव्वा कोटीच्या आसपास डुकरे, चाळीस लाखांच्या आसपास गाईगुरे आणि दहा कोटींच्या घरात कोंबड्या होत्या. एवढ्या जनावरांना पुरेल इतका चारा त्या भूमीत पिकणे शक्य नाही. म्हणून ब्राझीलसारख्या देशांतून सोयाबीन आणि त्याची पेंड जहाजांनी येते. पेंडीबरोबर तिकडच्या मातीतले फॉस्फरस आणि तिकडच्या पिकाने धरलेले नायट्रोजनही येतात. जनावरांच्या पोटातून ते शेणामुतात उतरतात आणि डच मातीत, पाण्यात, हवेत साठत जातात. परत ब्राझीलला काही जात नाही. तिकडे खताची पोती फोडावी लागतात आणि इकडे शेणखत इतके होते की ते टाकायचे कुठे, ही अडचण.

या एकमार्गी प्रवाहाचे पुन्हा चक्र व्हावे, शेतातून निघालेल्या प्रत्येक जैव पदार्थाचा आधी माणसासाठी उपयोग व्हावा, मग उरलेल्याचा जनावरांसाठी किंवा उद्योगासाठी, आणि शेवटी सारे मातीत परतावे, या विचाराला चक्रीय जैव-अर्थव्यवस्था म्हणतात. शब्द जड आहे. गोष्ट आपल्या परसातल्या उकिरड्याइतकी ओळखीची आहे. २०१८ मध्ये दे बूर आणि मार्टिन व्हॅन इटरसुम यांनी एका व्याख्यानात या विचाराची तत्त्वे मांडली. त्यांतले एक आम्हाला विशेष महत्त्वाचे वाटते. जनावराकडून तेच काम घ्यावे, जे त्याला चांगले जमते आणि आपल्याला जमत नाही.

गाईला काय जमते?

कडब्यात मुख्यतः सेल्युलोज असते. पिठूळ पदार्थांप्रमाणे तेही ग्लुकोजच्याच कड्यांनी बनलेले, पण कड्या जोडण्याची रीत निराळी. ती जोडणी तोडणारे विकर माणसाच्या पोटात नाही. गाईच्याही शरीरात ते तयार होत नाही. तिच्या जठराचा पहिला अवाढव्य कप्पा, ज्याला पशुवैद्य कोटीपोट म्हणतात, तिथे वस्तीला असलेले सूक्ष्मजीव हे काम करतात. गाय म्हणजे चार पायांवर चालणारी आंबवण्याची टाकी आहे, असे म्हटले तरी चालेल.

हे सूक्ष्मजीव आणखी एक करामत करतात. साध्या नायट्रोजनयुक्त संयुगांपासून ते स्वतःची प्रथिने बनवतात आणि पुढे गाय त्यांनाच पचवते. फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन, ज्यांना १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते, त्यांनी १९६० च्या दशकात हे फार सुंदर रीतीने दाखवले. त्यांनी काही गाईंना शुद्ध केलेले सेल्युलोज, स्टार्च, साखर आणि नायट्रोजनसाठी केवळ युरिया व अमोनियाचे क्षार दिले. खाद्यात प्रथिन जवळजवळ नव्हतेच. तरी त्या गाई दूध देत राहिल्या आणि त्या दुधात नेहमीच्या दुधासारखीच प्रथिने होती. (हे वाचून कोणी घरच्या गाईपुढे युरियाचे पोते उघडू नये. खाद्यातला युरिया मोजून-मापून आणि हळूहळू द्यावा लागतो. थोडा चुकला तरी जनावर विषबाधेने दगावते. वर्गात हे आवर्जून सांगावे.)

कोंबडी आणि डुक्कर यांच्याजवळ अशी टाकी नाही. त्यांचे पोट बरेचसे आपल्यासारखे. त्यांना धान्य, पेंड किंवा आपल्या ताटातले उरलेले अन्न लागते. म्हणजे कोंबडी आपल्या पंक्तीला बसते, आणि गाय बसेलच असे नाही. बसवली तर तीही बसते, हे पुढे दिसेल.

जगाचा हिशेब पाहिला तर दोन आकडे समोर येतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार पाळीव जनावरे जे खातात त्यातला ८६ टक्के भाग, सुके वजन धरता, माणसाला खाता येत नाही. पशुपालनाचे समर्थक हा आकडा पुढे करतात. त्याच हिशेबात असेही आहे की जगात पिकणाऱ्या तृणधान्याचा सुमारे एक-तृतीयांश भाग जनावरांच्या पोटात जातो. विरोधक हा आकडा पुढे करतात. दोन्ही खरे आहेत. म्हणूनच सरसकट 'जनावर' असा शब्द वापरून वाद घालण्यात अर्थ नाही. प्रत्येक गव्हाण वेगळी मोजली पाहिजे.

एकच गाय, दोन जमिनी

ही मोजणी कशी करावी? पूर्वापार माप म्हणजे किती किलो खाद्यात किती किलो माल. या मापाने कोंबडी फार वरचढ ठरते. आधुनिक अंड्यावरची कोंबडी दोन किलोंच्या आसपास खाद्यात एक किलो अंडी देते. गाय या परीक्षेत मागे पडते. पण दोन किलो मका आणि दोन किलो गवत यांना एकाच तागडीत टाकणारे हे माप मुळात न्याय्य आहे का?

व्हॅन झांटेन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये निराळे माप सुचवले. त्याला आपण भूवापर गुणोत्तर म्हणू. अमुक इतके दूध किंवा अंडी मिळवण्यासाठी जगात जिथे जिथे जमीन गुंतली, ती सगळी धरायची. घरची कुरणे आणि चाऱ्याची शेते धरायची, तशीच परदेशातली सोयाबीनची शेतेही. मग विचारायचे, या जमिनीवर माणसाने खाण्याची पिके घेतली असती तर माणसाला पचणारे प्रथिन किती मिळाले असते? त्या संख्येला जनावराकडून मिळालेल्या पचणाऱ्या प्रथिनाने भागायचे. गुणोत्तर १ पेक्षा जास्त आले तर जनावर माणसाच्या ताटातले घेते आहे. १ पेक्षा कमी आले तर ते ताटात भर घालते आहे.

उत्तरे अशी आली. डच कोंबड्यांची अंडी, २.०८. वाळूमिश्रित जमिनीवरच्या दुभत्या गाई, २.१०. पीट जमिनीवरच्या दुभत्या गाई, ०.६७.

या तीन आकड्यांवर थोडे थांबू. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे अर्धवट कुजत साचलेल्या वनस्पतींची काळी, ओली, भुसभुशीत जमीन. तिथे गहू किंवा बटाटा नीट येत नाही, गवत मात्र उत्तम येते. त्या गाईने आपल्याला १०० ग्रॅम प्रथिन दिले, तर तिच्यासाठी गुंतलेल्या जमिनीतून पिकांच्या रूपाने ६७ ग्रॅमच मिळाले असते. ३३ ग्रॅमचा निव्वळ लाभ. वाळूमिश्रित जमिनीवर गहू-बटाटा चांगला येतो. तिथे गवत आणि चाऱ्याचा मका लावून तशीच गाय पोसली, तर १०० ग्रॅमसाठी आपण २१० ग्रॅमवर पाणी सोडतो. गाय तीच, गवळी तोच, दुधाची चवही तीच. फरक खुराखालच्या मातीत आहे. आणि किलोमागे किलो मोजताना पहिली आलेली कोंबडी इथे वाळूवरच्या गाईच्या शेजारी जाऊन बसते, कारण तिच्या खाद्यातला बराचसा गहू, मका, सोया अशा जमिनीवर पिकतो जिथे माणसाचे अन्न पिकू शकते.

आता एक गोची. पीटवर गुरे चारायची तर आधी चर खणून पाणी काढून टाकावे लागते. पाणी हटले की हवा शिरते, शतकानुशतके दडलेला कार्बन कुजू लागतो आणि कार्बन डायऑक्साईड वर जातो. जमीनही खचते; काही ठिकाणी वर्षाला सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे जमिनीच्या हिशेबात जी गाय पहिली आली, तीच हवामानाच्या हिशेबात गोत्यात येते. एक माप बदलले की निकाल बदलतो, याचे इतके चांगले उदाहरण आमच्या तरी पाहण्यात नाही.

शून्यापेक्षा थोडे बरे

वागेनिंगेनच्याच व्हॅन केर्नेबीक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दुसरे गणित केले. नेदरलँड्सच्या लोकसंख्येला तिथल्याच जमिनीवर पोसायचे आहे असे माना. आहारातल्या प्रथिनांपैकी प्राण्यांकडून येणारा हिस्सा शून्यापासून वाढवत जा आणि दर वेळी किमान किती जमीन लागते ते काढा. सर्वसाधारण अपेक्षा अशी की शून्यावर सगळ्यांत कमी जमीन लागेल. उत्तर तसे आले नाही. सुमारे १२ टक्के प्रथिने प्राण्यांकडून, मुख्यतः दुधातून, घेतली तेव्हा जमीन सर्वांत कमी लागली. शून्यावर ती थोडी जास्त लागते, कारण गव्हाचा कोंडा, साखरेच्या बीटाचा चोथा, तेलबियांची पेंड आणि पीटवरचे गवत हे सारे अन्नाच्या दृष्टीने वाया जाते. १२ टक्क्यांच्या पुढे गेले की उरलेसुरले संपते, जनावरांसाठी मुद्दाम शेत पेरावे लागते आणि जमिनीची गरज वाढत जाते.

मग जगभर असे फक्त उरल्यासुरल्यावर जनावरे पाळली तर माणशी किती मिळेल? निरनिराळ्या गटांनी केलेली अशी गणिते २०१८ मध्ये व्हॅन झांटेन यांनी एकत्र मांडली. उत्तर आले, दिवसाला माणशी ९ ते २३ ग्रॅम प्राणिज प्रथिन. उरलेसुरले म्हणजे काय धरले, यावर हा पल्ला अवलंबून आहे. कोणी केवळ कुरणे धरली, कोणी कोंडा-चोथा आणि वाया गेलेले अन्न, कोणी सगळेच. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम प्रथिन लागते. लिटरभर गाईच्या दुधात सुमारे ३३ ग्रॅम असते, म्हणजे ९ ग्रॅमसाठी पाव लिटरहून थोडे अधिक आणि २३ ग्रॅमसाठी पाऊण लिटरहून थोडे कमी दूध. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. युरोपातला माणूस दिवसाला सरासरी ५० ग्रॅमहून अधिक प्राणिज प्रथिन खातो. त्याच्यासाठी या संशोधनाचा अर्थ निम्म्याहून अधिक कपात असा होतो, आणि तो तिकडे कोणालाच फारसा रुचत नाही. मांसाहार सोडा म्हणणाऱ्यांनाही नाही, पशुपालकांनाही नाही. भारताची सरासरी मात्र या पट्ट्यातच पडते. ती सरासरी आहे हे विसरू नये. रोज अर्धा लिटर दूध पिणारे घर आणि चहापुरतेही दूध न मिळणारे घर दोन्ही तिच्यात मिसळलेली आहेत.

रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून मिथेन निघतो, हेही इथे नोंदवले पाहिजे. भरड चाऱ्यावर तो लिटरमागे अधिक निघतो. कुरणाची माती कार्बन धरून ठेवते, त्यामुळे मिथेनची भरपाई होते, असा युक्तिवाद केला जातो. ऑक्सफर्ड विद्यापीठातून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने, ज्याच्या लेखकांत दे बूर याही होत्या, हा युक्तिवाद तपासला. चांगल्या परिस्थितीतही चरणाऱ्या जनावरांच्या उत्सर्जनापैकी २० ते ६० टक्क्यांचीच भरपाई होते, असे त्यांना आढळले.

खरकट्याची भीती

उरल्यासुरल्याचा सर्वांत सोपा ढीग म्हणजे खरकटे. उपाहारगृहे, वसतिगृहे आणि घरे यांतून निघणारे अन्न डुकराला घालणे ही जगभरची जुनी रीत. युरोपात मात्र ती बंद आहे आणि त्याला सबळ कारण आहे.

१९८६ साली ब्रिटनमध्ये गाईंचा एक विचित्र रोग ओळखला गेला. गाई लडखडत, बुजत आणि मरत. मेंदू चाळणीसारखा होई. हाच वेडी गाय रोग, बीएसई. मेलेल्या जनावरांचे मांस-हाड दळून त्याची भुकटी गाईंनाच खाऊ घातली जात होती आणि प्रायॉन नावाचे बिघडलेले प्रथिन त्या भुकटीतून पसरत होते. उष्णतेने ते सहजासहजी नष्ट होत नाही. ब्रिटनमध्ये एक लाख ऐंशी हजारांहून अधिक गाईंना हा रोग झाल्याचे सिद्ध झाले. १९९६ मध्ये माणसांतही त्याचे रूप आढळल्याचे जाहीर झाले आणि पुढे पावणेदोनशेहून अधिक माणसे त्याने दगावली. २००१ मध्ये युरोपीय संघाने शेतीच्या सर्व जनावरांना अशी भुकटी घालण्यावर बंदी आणली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली. तिची सुरुवात नीट न उकळलेले खरकटे घातलेल्या एका डुक्करपालन केंद्रातून झाल्याचा निष्कर्ष निघाला. साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्यानंतर खरकट्यावरही बंदी आली.

चक्र म्हटले की ते चांगलेच, असा समज होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिले. वेड्या गाईच्या रोगात चक्र होतेच. पदार्थाबरोबर रोगही फिरत होता.

तरीही बंदीची किंमत मोजायला हवी. केंब्रिज विद्यापीठातील त्सू एर्मगासेन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ती मोजली. जपान आणि दक्षिण कोरियात त्या वेळी वाया जाणाऱ्या अन्नापैकी अनुक्रमे सुमारे ३६ आणि ४३ टक्के अन्न नियंत्रित केंद्रांवर उष्णता देऊन जनावरांच्या खाद्यात वळवले जात होते. युरोपाने तसे केले, तर डुकरांच्या मांसासाठी लागणाऱ्या जमिनीपैकी सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे १८ लाख हेक्टर, मोकळी होईल, असे त्यांचे गणित सांगते. इथे हेही लक्षात घ्यावे की लाळ्या-खुरकुताचा विषाणू उष्णतेने मरतो, प्रायॉन नाही. दोन्ही भीती एकाच पोत्यात भरल्यामुळे चर्चा अवघड झाली. २०२१ मध्ये युरोपीय संघाने थोडी ढील दिली. डुकराची भुकटी कोंबडीला आणि कोंबडीची डुकराला चालेल, कीटकांपासून केलेले खाद्य दोघांनाही चालेल, पण स्वजातीचे स्वजातीला मुळीच नाही. हॉटेलातल्या खरकट्याला मात्र दार उघडले नाही.

नेदरलँड्सच्या कृषिमंत्री कारोला स्खाउटेन यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये देशाची शेती चक्रीय करण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा वागेनिंगेनचे विचार थेट सरकारी कागदावर आले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने नायट्रोजनच्या प्रदूषणाला परवाने देण्याची पद्धत रद्द ठरवली. जनावरे निम्मी करण्याची भाषा राजकारणात सुरू झाली आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी हजारो शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेग शहरावर धडकले. गुणोत्तर ०.६७ की २.१० हे कागदावर लिहिणे एक गोष्ट. ज्याने कर्ज काढून गोठा बांधला त्याला ते सांगणे दुसरी. त्या शेतकऱ्यांना अधिक जनावरे पाळा, कमी खर्चात अधिक दूध काढा, असे आधीच्या पिढीतल्या तज्ज्ञांनीच शिकवले होते.

वर्गातले काम

मुलांना दोन-तीनच्या गटांनी जवळच्या गोठ्यात किंवा कोंबडीपालन केंद्रावर पाठवावे. एका दिवसात जनावरापुढे काय काय पडले ते वजनासह लिहून आणायचे आणि दोन रकान्यांत मांडायचे. 'माणूस खाऊ शकला असता किंवा त्या जमिनीवर माणसाचे पीक घेता आले असते' हा एक रकाना, 'नाही' हा दुसरा. ज्वारीचा कडबा, गव्हाचा भुसा, तुरीची चुनी, सरकीची पेंड ही नावे बहुधा दुसऱ्या रकान्यात जातील. मालदांडी ज्वारी पेरणारा शेतकरी धान्याइतकाच कडब्याचा विचार करतो, हे मुलांना घरीच कळेल. बुटक्या संकरित ज्वारीला धान्य अधिक येऊनही अनेकांनी नाक का मुरडले, तेही विचारावे. बांधावरचे गवत दुसऱ्या रकान्यात, पण पाणी देऊन मुद्दाम लावलेला हिरवा मका पहिल्यात. कोंबड्यांचा भरडलेला मकाही पहिल्यात.

सोयाबीनच्या पेंडीपाशी गटांचे भांडण होईल, होऊ द्यावे. तेल काढून उरते ती पेंड, म्हणून ती उरलेसुरले, असे एक गट म्हणेल. पण सोयाबीनमध्ये तेल १८ ते २० टक्केच असते आणि बाकी बहुतेक सारी पेंड. सरकीसाठी कोणी कापूस लावत नाही, पण सोयाबीन लावले जाते ते बऱ्याच अंशी पेंडीच्या गिऱ्हाईकावर. मुलांना बाजारातून त्या आठवड्याचा सोयातेलाचा आणि पेंडीचा भाव आणायला सांगावे. एका क्विंटल सोयाबीनमधून तेलाचे किती रुपये आणि पेंडीचे किती, हे मांडून झाले की त्यांनाच विचारावे, पेंड कोणत्या रकान्यात लिहायची.